उघडणारं दार

आमच्या साडूंइतका रागीट माणूस अख्ख्या मावळात दुसरा नसेल, आणि तो सगळा राग त्यांनी आयुष्यभर एकाच गोष्टीवर काढला: मोटारीच्या दारावर. बायकोवर, मुलांवर, ग्रामपंचायतीवर लोक चिडतात तसे ते दारावर चिडतात. ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, तेव्हा माझी सुटका नव्हती.

सोमाटण्याला जुन्या हायवेलगत त्यांचं डेंटिंगचं गॅरेज होतं. घाटात ठोकलेल्या गाड्या त्यांच्याकडे यायच्या आणि तीस-पस्तीस वर्षं ते हातोडीनं त्यांचे पत्रे सरळ करत बसायचे. त्यामुळे गाडी बनवणारे सगळे लबाड असतात हे त्यांचं मत पक्कं झालं. पाहुणा दारात आला तर ते आधी त्याच्या गाडीचं दार उघडून लावतात, मग पाहुण्याला पाणी विचारतात. दार लावताना डावा हात टपावर ठेवायचा, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. एखाद्या बुवाला शोभेल असं हे सोंग पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात जायचं. वडिवळ्याला एका लग्नात त्यांनी नवरदेव आत बसलेला असताना त्याच्या फुलांनी सजवलेल्या गाडीची चारही दारं आपटून पाहिली आणि मुलीच्या बापाला सगळ्यांदेखत सांगितलं, ''पोरगा बरा हाय. गाडी पापडाची हाय.'' वरात अर्धा तास खोळंबली. त्या लग्नाचा विषय निघाला की माझी बायको अजूनही दुसऱ्या खोलीत जाते.

माझ्या मुलीला खोपोलीच्या कॉलेजात नोकरी लागली. कामशेतहून रोज घाट उतरायचा आणि चढायचा, म्हणून विजेवरची गाडी घ्यायची ठरलं आणि मी चूक केली. साडूंना म्हणालो, ''भाऊ, जरा बघायला येता का?''

पहिल्या शोरूममध्ये ते घरच्या इंद्रायणी तांदळाचं पोतं घेऊनच आले. डिकीचा उंबरठा कमरेएवढा उंच निघाला. ''ज्यानं ही काढली त्यानं जन्मात पोतं उचललं न्हाई,'' म्हणून ते पोतं तिथल्या चकचकीत फरशीवर आदळून बाहेर पडले. दुसऱ्या ठिकाणी काच पुसण्यापासून वाऱ्यापर्यंत सगळं एका पडद्यावर होतं. साडूंनी पाण्यात बुडवलेली बोटं त्यावर फिरवली. पडदा ढिम्म. ''पावसात काय, आधी टॉवेल शोधायचा?'' दोन्ही वेळा माझं मनात ठरलेलं मोडलं. मुलीची रुजू व्हायची तारीख जवळ येत होती आणि माझं डोकं तापत होतं.

तिसरी गाडी मुलीला फारच आवडली. पत्रा जाड, रंग सुरेख, आणि दारांच्या मुठी पत्र्यात लपलेल्या. जवळ गेलं की बाहेर यायच्या, लांब गेलं की आत. आतून दार उघडायला एक बटण. साडूंनी टपावर हात ठेवून दार लावलं आणि पहिल्यांदाच मान डोलावली. मला हायसं वाटलं, तेवढ्यात त्यांनी मॅनेजरला विचारलं, ''करंट गेला तर?''

''आतून उघडायची वेगळी सोय आहे, काका.''

''कुटं?''

मॅनेजर हसला. मुलगी म्हणाली, ''मी शोधते की,'' आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. दार लागलं. मॅनेजर हां हां म्हणेपर्यंत साडूंनी बॉनेट उघडून दारं चालवणाऱ्या छोट्या बॅटरीची वायर उपसली. गाडी मेली. मुलगी आत हसत हसत दाराशी, सीटखाली, पायपुसण्याखाली चाचपू लागली. मॅनेजरला सोय कुठे आहे ते आठवेना. माहितीपुस्तक होतं, पण ते गाडीतच, पुढच्या कप्प्यात, आणि तोही विजेवर उघडणारा. बाहेरच्या मुठी पत्र्यात गुडुप. थोड्या वेळानं मुलगी हसायची थांबली. काही तरी बोलत होती, ऐकू येत नव्हतं. तिनं काचेवर तळहात ठेवला.

साडूंनी तो हात पाहिला. धावत जाऊन त्यांनी वायर जोडली, दार उघडलं, तिला बाहेर ओढलं. आणि मी सगळ्या शोरूमसमोर त्यांच्यावर ओरडलो. लाज वाटत नाही का, पोरीला कोंडता, तीन गाड्या मोडल्यात, चालते व्हा. पंचवीस वर्षांचं साठलेलं सगळं निघालं.

ते चिडले नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

''घाटात एका बाईनं असाच काचंवर हात ठेवला व्हता,'' ते म्हणाले. ''दार आवळलं व्हतं. मी पहार घालत व्हतो. उघडलं, पर लय उशीर झालता. तवापासनं मी दार बघतो, पाव्हणं. बाकी मला गाडीतलं काय कळत न्हाई.''

आम्ही साधीच गाडी घेतली. दिसायला दुधाच्या पेटीसारखी, पण पत्रा भक्कम, डिकी बुटकी आणि मुठी हाताला लागतील अशा बाहेर. आतून ओढायला दोरीवर चालणारा खटका, विजेशी त्याचा संबंध नाही. ती घरी आली त्या दिवशी ओवाळून झाल्यावर मुलीनं विचारलं, ''काका, दाराचा आवाज कसा आहे?''

''असला आवाज मला कुटं येतो पोरी,'' ते म्हणाले. ''कान हातोडीनं कवाच अर्धं नेलं, जवळचं बोलणं तेवढं कळतं. मला हाताला कळतं.''

टपावर हात ठेवायच्या त्या सोंगावर मी पंचवीस वर्षं चिडत आलो होतो. आता त्याचं काय करायचं ते मला कळेना. साडूंनी तिला आत बसवलं, दार लावलं आणि काचेवर आपला तळहात टेकून उभे राहिले. तिनं आतून खटका ओढला. दार त्यांच्या हातासकट बाहेर आलं.

''उघडतंय,'' ते म्हणाले, आणि तिला पुन्हा दार लावायला सांगितलं.