मारबतीनंतरची सुई

आमच्या घरी एक वाद दर वर्षी पोळ्याच्या सुमारास निघायचा आणि दर वर्षी बाबाच जिंकायचे. कुत्रीला रेबीजची सुई दर वर्षी टोचायची की नाही, एवढाच तो वाद. तिचं नाव मी इथे सांगणार नाही. त्या नावानं तिला हाक मारणारी आता मी एकटीच उरले आहे, ते माझ्याकडेच राहू दे.

आजकाल कुणाच्या घरी जावं तर हाच विषय. एक डॉक्टर म्हणतो दर वर्षी, दुसरा म्हणतो कशाला इतकं टोचता. लोक तावातावानं बोलतात. मला त्यांचा वाद नको असतो, मला माझ्या घरचा हवा असतो.

बाबा सावनेरकडच्या शेतकऱ्याच्या घरातले. नागपुरात नोकरी लागली, सायकल आली, धोतर जाऊन पँट आली, पण डोकं गावातच राहिलं. गावी पावसाळ्याआधी गुरांना टोचून घेत, दर वर्षी, न चुकता. जे बैलाला तेच कुत्रीला, असा त्यांचा सरळ हिशोब. शिवाय पिसाळलेला कुत्रा चावून गेलेला एक माणूस त्यांनी लहानपणी पाहिला होता. त्याबद्दल ते कधी पूर्ण बोलले नाहीत. "त्याले पाणी पिता येत नव्हतं," इतकंच म्हणायचे आणि उठून जायचे.

आईचं म्हणणं वेगळं. तिच्या दंडावर देवीच्या लसीचा वण होता, माझ्याही होता. "लेकराले एकदा टोचलं तर जन्मभर पुरते," ती म्हणायची, "मग या मुक्या जिवाले दर साली काहून?"

तिचा जीव तुटायचा, कारण पुढचं सगळं तिलाच निस्तरावं लागायचं. सुईनंतर कुत्री मागचा पाय उचलून चालायची, अंग तापायचं, भाकरीला तोंड लावायची नाही. आई दूधभात कालवून तिच्या पुढ्यात बसायची आणि आतल्या खोलीत बाबांना ऐकू जाईल अशा बेतानं कुत्रीशी बोलायची. "पाह्य, केलं ना लंगडं तुले. पण माह्यं कोण ऐकते?" आतून उत्तर यायचं, "उद्या पळते पाह्य." आणि खरंच एकदोन दिवसांत ती पळायला लागायची, त्यामुळे आई अधिकच चिडायची.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या शहरात मारबत निघते. गावातली सगळी रोगराई त्या मोठ्या पुतळ्याबरोबर बाहेर काढायची, म्हणून लोक रस्ताभर ओरडत जातात. त्याच दिवशी संध्याकाळी तान्हा पोळा. आम्ही पोरं लाकडी बैल सजवून गल्लीतून फिरवायचो. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्या लाकडी बैलाच्या गळ्यातली झेंडूची माळ काढायचे, कुत्रीच्या गळ्यात घालायचे आणि तिला सायकलीबरोबर चालवत गुरांच्या दवाखान्यात न्यायचे. ही रीत गावची नव्हती, त्यांनीच काढलेली. जनावराला माळ घातली की त्याला आपला मान झाला असं वाटतं, ही त्यांची समजूत. झालं उलटंच. झेंडूचा वास आला की कुत्री बाजेखाली शिरायची. दसऱ्याला दाराला तोरण लागलं तरी ही बाजेखाली. आमच्या घरी सण आला की सगळ्यात आधी घाबरायची ती कुत्री, आणि त्याचं सगळं श्रेय बाबांचं.

एका वर्षी आईनं त्यांना दारातच अडवलं. "कालच तर मारबत घेऊन गेली ना सारी रोगराई? मग आज काहून नेऊन राहिले तुमी तिले?"

बाबांचा एक पाय पॅडलवर होता. ते शांतपणे म्हणाले, "मारबत दर वर्षी काढतेत ना वं? एकदा काढून भागलं का?"

आईला हसू आवरेना. मनातून मी आईच्या बाजूची, पण त्या उत्तरापुढे मीही हरले. कुत्री तेवढी हसली नाही.

मी कॉलेजात असताना एका उन्हाळ्यात बाबा गेले. छातीत दुखतंय म्हणाले आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांची सायकल ओसरीत तशीच उभी राहिली. कुत्री तोवर म्हातारी झाली होती, तोंडावरचे केस पांढरे झाले होते. दिवसभर ती सायकलीच्या चाकाशी पडून असायची.

त्या वर्षी घरात सण नव्हता. तरी मारबतीच्या दुसऱ्या दिवशी आईनं मला झेंडूची माळ आणायला पाठवलं. बाबांच्या फोटोसाठी असेल असं मला वाटलं. तिनं ती कुत्रीच्या गळ्यात घातली.

कुत्री बाजेखाली गेली नाही. कशीबशी उठली, सायकलीपाशी जाऊन उभी राहिली आणि घरात आतवर पाहू लागली. माळ आहे, सायकल आहे, म्हणजे आता ते निघतील. मला रडू आवरलं नाही. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त रिक्षा बोलव म्हणाली.

दवाखान्यातले डॉक्टर बाबांना ओळखत होते. त्यांनी कुत्रीचे दात पाहिले, पोट चाचपलं, मग म्हणाले, "बाई, वय झालंय हिचं. इतकी वर्षं नेमानं टोचलंय. या वर्षी नाही दिली तरी चालेल असं मला वाटतं. दर वर्षी लागतेच की नाही, यावर आमच्यातसुद्धा एकमत नाही."

मी आईकडे पाहिलं. आयुष्यभर ती जे सांगत आली, ते शेवटी एका डॉक्टरच्या तोंडून आलं होतं. ती कुत्रीच्या गळ्यातली माळ सारखी करत राहिली.

"नाई," ती म्हणाली. "देऊन टाका. ते दर वर्षी देत होते."

दुसऱ्या दिवशी कुत्रीनं पाय उचललाच. आई दूधभात घेऊन तिच्या पुढ्यात बसली. "पाह्य, केलं ना लंगडं तुले," ती नेहमीच्याच मोठ्या आवाजात म्हणाली. "पण माह्यं कोण ऐकते?"

आणि ती थांबली. कुत्रीही कान टवकारून आतल्या खोलीकडे पाहत होती.