आमच्या हॉलमधले झेंडे

लहान मुलांना घेऊन कागद, कात्री आणि डिंक मांडून बसलं की हाताला वस्तू एखादीच लागते, किस्से मात्र चार-पाच होतात. वस्तू आठवड्याभरात कपाटामागे जाऊन पडते. किस्से कुठे टाकायचे ते मला अजून कळलेलं नाही, म्हणून ते साठत गेलेत.

कसबा पेठेत आमची तीन मजली बिल्डिंग. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, मुलं भरपूर. मी एका कॉलेजच्या लायब्ररीत असते, म्हणजे दिवसभर ‘शांतता राखा’ या पाटीखाली बसते. मुलगी नोकरीला बंगळूरला गेली आणि तिचे रंग, ब्रश, घोटीव कागद सगळं तसंच राहिलं. तीन-चार वर्षांपूर्वी चौदा ऑगस्टला शेजारीण दारात आली. "स्वराला शाळेतून झेंडा करून आणायला सांगितलाय हो. केशरी कागद आहे का तुमच्याकडे?"

कागद होता. कागदामागून स्वरा आली, स्वरामागून बाकीचे आले. तेव्हापासून चौदा ऑगस्ट आणि पंचवीस जानेवारीला मी अर्धी रजा टाकते आणि दुपारी हॉलमध्ये वर्तमानपत्रं अंथरते.

माझे यजमान कशात भाग घेत नाहीत. आतल्या खोलीत बसून फक्त बोलतात. पहिल्याच वर्षी म्हणाले, "बरं झालं. वर्षातून दोन दिवस आपल्या हॉलचा सातबारा पोरांच्या नावावर!"

*

स्वरा तेव्हा पाच वर्षांची. केशरी पट्टा तिने पाच मिनिटांत रंगवला, हिरवाही रंगवला. मग पांढरा खडू घेतला आणि पांढऱ्या कागदावर तो घासायला लागली. शांतपणे, एका कोपऱ्यापासून.

मी म्हटलं, "स्वरा, ते पांढरंच आहे ना गं?"

"पण रंगवलेलं नाहीये," ती म्हणाली.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. तिच्या आईचा फोन आला, "झालं का? क्लासला जायचंय तिला."

स्वराने फोनवर सांगितलं, "नाही आई, अजून पांढरा अर्धा राहिलाय."

आतून आवाज आला, "तिला म्हणावं, सावकाश होऊ दे. हे सरकारी काम आहे!"

*

भार्गव सहा वर्षांचा होता आणि सगळं स्वतःच करायचं असा त्याचा स्वभाव. एका वर्षी केशरी रंग संपला, म्हणून मी वाटीत लाल आणि पिवळा कालवून दाखवला. केशरी झालेला बघून पोरं थक्क! भार्गवला वाटलं, दोन रंगांनी एवढं होतं, तर सगळे घातले तर काय होईल. त्याने सगळे घातले.

चॉकलेटी चिखल झाला. तोच त्याने कागदभर फासला.

मी विचारलं, "भार्गव, हा कुठल्या देशाचा झेंडा?"

त्याने जरा वेळ बघितलं. "आपलाच आहे काकू. खाली पडला होता."

*

त्याच भार्गवने दुसऱ्या वर्षी चालू कामात विचारलं, "काकू, स्वातंत्र्य म्हणजे काय?"

मी लायब्ररीतली बाई. नीट उत्तर द्यावं म्हणून कात्री खाली ठेवली. म्हटलं, "पूर्वी इंग्रज आपल्यावर हुकूम चालवायचे. आता तसं कोणी चालवू शकत नाही. आपलं आपण ठरवायचं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कळलं वाटतं, म्हणून मला बरं वाटलं. तेवढ्यात बाहेर ठेवलेला खाऊ भार्गवला दिसला आणि डिंकाने माखलेला हात त्याने चिवड्यात घातला.

"हात धू आधी!" मी ओरडले.

"माझं मी ठरवलंय," भार्गव म्हणाला.

आतून लगेच निकाल आला. "बाळा, इंग्रज गेले. काकू इथंच आहे. जा, हात धू."

*

डिंकावरून आठवलं. एकदा डिंकाची बाटली ऐन वेळी वाळलेली निघाली. मी मैद्याची खळ शिजवली, लहानपणी पतंगासाठी करायचो तशी. सगळ्यांना वाट्यांमधून वाटून दिली.

सगळ्यात धाकटी मिहू, तीन वर्षांची. थोड्या वेळाने बघते तर तिचा झेंडा होता तिथेच आणि वाटी चाटूनपुसून स्वच्छ.

"काकू, अजून," मिहू म्हणाली.

मैदा आणि पाणी, दुसरं त्यात काही नव्हतं, तरी मी तिच्या आईला धावत जाऊन सगळं खरं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पूर्ण वाटी संपवली?"

"हो ना. सॉरी हो, माझं लक्ष नव्हतं..."

"घरी तीन घास खात नाही ती," ती म्हणाली. "रेसिपी पाठवता का?"

*

भाज्यांचे ठसे करायचे ठरलं तेव्हाची गोष्ट. मी मंडईत गेले आणि एक गाजर, एक मुळा आणि दोन भेंड्या मागितल्या. भाजीवाल्या मावशींनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरी कोण आजारी हाय का?"

मी म्हटलं, "नाही हो, मुलांना झेंडा करायचाय. गाजराचा केशरी ठसा, भेंडीचं चक्र."

मावशींनी गाजर पिशवीत टाकलं. "सकाळपासून तुम्ही चौथ्या. माझं गिऱ्हाईक कमी आन् चित्रकारच जास्त झालेत!"

*

सम्यक दुसऱ्या मजल्यावर राहतो. त्याचे वडील नागपूरकडचे, चाकणला एका कारखान्यात टूलरूममध्ये, अचूक मापाच्या कामावर आहेत. सम्यक सात वर्षांचा असताना मी त्याला चक्र काढून दिलं. त्याने बोट ठेवून आरे मोजले.

"काकू, तेवीस आहेत."

"चालतंय रे."

तो रडला नाही, भांडला नाही. पेन्सिल खाली ठेवली आणि हाताची घडी घालून बसला. संध्याकाळी वडील न्यायला आले तरी तसाच.

"तेवीस नाही चालत जी ताई," वडील मला समजावून म्हणाले. "आमच्या घरी भिंतीवर चक्र आहे. बोलायला लागला तेव्हापासून मोजते तो." मग ते स्वतःच खाली बसले आणि माझ्या मुलीच्या जुन्या कंपासपेटीतून कोनमापक काढला. पंधरा-पंधरा अंशांवर खुणा केल्या. बाकीच्या पोरांनीही आपापले कागद त्यांच्यापुढे सरकवले. चहा दोनदा झाला. त्या वर्षी आमच्या हॉलमधलं एकही चक्र एका आऱ्यानेही चुकलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत कार्यक्रम. स्टेजमागच्या पडद्यावर कोणीतरी मोठं चक्र रंगवलं होतं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण चालू असताना सम्यक पहिल्या रांगेतून उठला आणि स्टेजकडे बोट करून म्हणाला, "बाई, पाच कमी आहेत!"

बाईंनी मागे बघितलं. पाहुण्यांनीही बघितलं. भाषण थांबलं. मग एक शिपाईदादा लगबगीने आत गेले आणि पाच खुर्च्या घेऊन आले.

*

हे अलीकडचं, गेल्या जानेवारीतलं.

आमच्या पहिल्या मजल्यावर साठे आजोबा राहतात. सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. सोसायटीने नोटीस लावली की संध्याकाळपर्यंत तिच्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त झालेल्या असायच्या. सेक्रेटरी वैतागायचे, पण नोटीस लिहिताना हळूहळू जपून लिहायला लागले होते.

दिवाळीनंतर आजोबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. बोलणं तोंडातल्या तोंडात, जड झालं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा, सुधारेल. पण आजोबांनी बोलणंच सोडलं. कोणी भेटायला गेलं की भिंतीकडे तोंड करायचे. आजी म्हणायच्या, "चुकीचा उच्चार स्वतःचाच असला तरी ऐकवत नाही त्यांना."

पंचवीस जानेवारीला मुलं छातीवर लावायचे बिल्ले करत होती. मिहू, आता पाच वर्षांची, म्हणाली, "आजोबांना पण बिल्ला हवा." मी म्हटलं, चल, एक तयार बिल्ला देऊन येऊ. तिने तयार बिल्ला घेतलाच नाही. कोरा कागद आणि खडूची पेटी घेतली आणि माझ्याआधी आजोबांच्या खोलीत पोचली.

आजोबांनी मान हलवली. नको. मिहूने खडू त्यांच्या डाव्या हातात घातला. त्यांनी बोटं मिटली नाहीत, तेव्हा तिने आपली बोटं वरून दाबून धरली.

"तुम्ही नुसतं धरा. मी हलवते."

केशरी रंग कागदावरून खालच्या पाटावर गेला. हिरवा पांढऱ्यात शिरला. मला वाटलं आता आजोबा चिडतील. मिहूला मध्येच नाक खाजवायचं होतं, म्हणून तिने हात काढला. खडू हलत राहिला. थोडा वाकडा, पण हलत राहिला. आजी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"झालं," मिहू शेवटी म्हणाली. "छान आलंय. मी तीन वर्षांची होते तेव्हा मला पण असंच यायचं."

सकाळी झेंडावंदनाला खालच्या चौकात सगळे जमले. सम्यकच्या आणि मिहूच्या वडिलांनी आजोबांना खुर्चीसकट खाली आणलं, आजी मागोमाग. तीन महिन्यांत प्रथमच ते दाराबाहेर आले होते. स्वेटरवर तो बिल्ला लावलेला. जो तो दुरूनच नमस्कार करत होता. शेवटी सेक्रेटरी खाली वाकले आणि मुलाशी बोलावं तसं हसत म्हणाले, "अरे वा, वा! हा बिल्ला कुठल्या पिल्लाने केलाय?"

उत्तर द्यायला आजींनी तोंड उघडलं. आजोबांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं.

"मी," ते म्हणाले. चौकात सगळ्यांना ऐकू जाईल असं.