मानेजवळचा गुंता

शेजारच्या गाळ्यातल्या बाईंना मशीनवाल्याने आठ वर्षं रोज पाहिलं, तरी त्यांच्याबद्दल त्याला खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. त्या फक्त कुरळ्या केसांचं काम घेत, म्हणून सगळी गल्ली त्यांना कुरळ्याबाई म्हणे. घरी कोण होतं, नवरा होता की नव्हता, दुपारी डबा उघडण्याआधी त्या दोन्ही हात गरम पाण्यात बुडवून का बसत, हे त्याने कधी विचारलं नाही. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने बाईमाणसाला असलं काही विचारायचं नसतं, असं त्याला वाटे.

त्यांच्या गाळ्याची पायरी तो पहिल्यांदा चढला तो एका शनिवारी सकाळी, नातीला जवळजवळ ओढत, आणि सगळीकडून हात टेकल्यावर.

नात नऊ वर्षांची. तिची आई चार महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापात गेली. दवाखान्यात जायच्या सकाळी तिने लेकीची वेणी घातली होती, आणि त्या वेणीला पोरीने मग कुणाला हात लावू दिला नाही. घरात कुरळे केस या मायलेकींचेच. ते कसे सांभाळायचे, हे बापाला ठाऊक नाही आणि आजोबाला त्याहून नाही. वेणीचा गोळा झाला, गोळ्याची चटई झाली. शाळेतून दोनदा निरोप आला. म्हाताऱ्याचा मुलगा, पोरीचा बाप, परगावी कामाला. त्याने फोनवर सांगून टाकलं की रविवारी येतो आणि डोक्यावर केस कापायचं मशीन फिरवून एकदाचा मोकळा होतो. ते कानावर पडल्यापासून पोरीने जेवण टाकलं. दोन दिवस नुसतं दूध, तिसऱ्या दिवशी तेही नाही.

म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला. त्याने त्याला येत होतं ते केलं. अडलेलं प्रत्येक यंत्र त्याने चाळीस वर्षं एकाच उपायाने हलवलं होतं. पोरगी दुपारी झोपली असताना त्याने त्या कोरड्या गुंत्यात वाटीभर तेल जिरवलं आणि फणी घालून ओढली. फणीचे चार दात आतच राहिले. पोरगी किंचाळत उठली आणि आजोबांशी बोलायची बंद झाली.

कुरळ्याबाईंनी गुंता खिडकीच्या उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हे तेल कुणी ओतलं?"

"मीच. कोरडे वाटले म्हणून."

"कोरड्या केसाला पाणी लागतं, काका. तेल मागाहून, आत गेलेलं पाणी टिकवायला. तुम्ही आधीच दार लावून घेतलंत, आता पाणी शिरेल कुठून? शिलाई मशीन आहे का ही?"

हे त्याला झोंबलं. पण खरा घाव पुढेच होता. बाई म्हणाल्या की हे काम त्यांच्याने होणार नाही. दोन्ही मनगटांतली नस दबली होती. तीन-तीन बोटं वर्षभर मेल्यासारखी होती. डॉक्टरांनी काम सोडायला सांगितलं होतं. गुंता बोटांना कळावा लागतो, आणि त्यांच्या बोटांना आता केस सुटतोय की तुटतोय तेच कळत नव्हतं. दुसरीकडे न्या, असं त्यांनी सुचवलं. त्याने सांगितलं की दोन ठिकाणी नेऊन झालं, दोन्हीकडे आधी कात्रीच काढली. उद्या बाप येणार आणि पोरीच्या पोटात तीन दिवस अन्नाचा कण नाही, हे सांगून तो भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून उभा राहिला.

बाईंनी त्याचे हात मागितले आणि उलटसुलट करून पाहिले.

"सुईत दोरा अजून ओवता?"

"रोज."

"मग बघेन मी, आणि बोटं तुमची."

"आजोबा नकोत," पोरगी म्हणाली. तेल ओतल्यापासून त्याच्या कानावर पडलेला तिचा पहिला शब्द.

बाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी तिला गोड बोलून फसवलं नाही. "वेणी राहणार नाही, बाळा. ती तर कधीच गेलीय. केस राहतील, तेसुद्धा सगळे नाही. उद्या मशीन फिरलं तर काहीच नाही." पोरीने मानेजवळचा गोळा एकदा चाचपला. मग खुर्चीवर चढून बसली.

आधी दोनदा धुऊन तेल काढलं. मग कोमट पाण्याचे फवारे, ओंजळभर कंडिशनर, आणि वाट पाहणं. फणी नाही. टोकाकडून सुरुवात, चार-चार केस, वरची बाजू चिमटीत धरून, म्हणजे मुळाला ओढ लागत नाही. बाई मागून बोट दाखवत: इथला सोडा, तो नको, तो तुटेल. सुटलेली बट ओली असताना हातात निसरडी लागे आणि सोडली की आपोआप वळून वर जाई. सुनेचे केस अगदी असेच होते. म्हाताऱ्याला समोरचं दिसेनासं झालं की बाई नुसत्या थांबत.

चार वाजेपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या. मानेजवळचा मुठीएवढा गोळा मात्र तसाच. त्यात वेणीचं रबर होतं, आणि म्हाताऱ्याच्या तेलाने ते विरघळून केसांत चिकटलं होतं. कंडिशनरची दुसरी बाटली संपली. शेवटी बाईंनी स्वतः हात घातला, न कळणाऱ्या बोटांनी, डोळे गोळ्याला लावून. एकही केस सुटेना. त्यांनी हात काढून घेतला.

"त्यात आईचं रबर आहे," पोरगी म्हणाली.

"आहे."

"मग कापून मला द्या."

कात्री बाईंनीच चालवली, म्हाताऱ्याला जमलं नसतं. पोरीने गोळा मुठीत घट्ट धरला. घरी जाऊन अर्धी वाटी भात खाल्ला. आजोबांशी मात्र ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढेही बरेच दिवस नाही.

रविवारी मुलगा आला. लेकीकडे पाहत दारातच उभा राहिला. पिशवीतलं मशीन त्याने बाहेर काढलं नाही.

दोन आठवड्यांनी कुरळ्याबाईंचा गाळा रिकामा झाला. त्या कुठे गेल्या हे कुणाला नक्की सांगता आलं नाही. आदल्या संध्याकाळी त्या त्याच्या दाराशी थांबल्या होत्या, पण जाते आहे असं काही म्हणाल्या नाहीत. त्यालाही वेड्यावाकड्या शब्दांत का होईना कृतज्ञता बोलून दाखवायची होती. ती जिभेवर आलीच नाही.

"केस टॉवेलने पुसू नका तिचे," त्या म्हणाल्या. "खरखरीत असतो. जुन्या सुती शर्टात दाबून घ्या."

"हा चालेल?"

"अंगातला नको, काका. धुतलेला घ्या."

"बरं," तो म्हणाला.