बाईसाहेब खाली येतात

आमच्या गावात कुणालाही विचारा, शातोतल्या, म्हणजे त्या जुन्या सरदारी गढीतल्या, बाईसाहेब नशीबवान. चार बुरूज, मागे नदी, पुढे मैलभर झाडी. मी तिथल्या चादरी धुते, म्हणून सांगते, दुरून डोंगर साजरे.

गिस्लेन दे वोब्रे त्यांचं नाव. घराण्याने राजाच्या मिठाच्या करावर पैसा केला आणि हे बांधलं. क्रांतीत गावकऱ्यांनी एक बुरूज पेटवला. चारही पेटवायला हवे होते, असं माझा नवरा म्हणतो. महायुद्धात जर्मन अधिकाऱ्यांनी पुस्तकांच्या दालनात घोडे बांधले. पुढे गिरणी कामगारांची आजारी पोरं इथे हवापालटाला यायची. बाईसाहेबांचा बाप मरताना म्हणाला, "विकू नकोस." झालं! बाईसाहेबांनी लग्न केलं नाही, समुद्र पाहिला नाही. जे हाती आलं ते छपराने गिळलं.

त्या छपरावर दर हिवाळ्याआधी गावातला आनिसे चढायचा, कौलं बदलायला. उतरला की स्वयंपाकघरात बसून वाईन घ्यायचा आणि दरवर्षी तेच बोलायचा.

"बाईसाहेब, विका हे धूड. नाहीतर एक दिवस तेच तुम्हाला विकेल."

"तू आधी पन्हाळ बघ, गळतोय. तोंड नंतर चालव."

"तोंडाला तरी शिडी लागत नाही!"

बाईसाहेब पोटभर हसायच्या त्या तेवढ्याच. जन्मभरात त्यांना न घाबरता बोललेला तो एकच माणूस होता.

हल्ली त्यांचा भाचा तांक्रेद शातो लग्नांना भाड्याने देतो. लग्न असलं की बाईसाहेबांनी वर माळ्यावरच्या खोल्यांत राहायचं, पाहुण्यांच्या नजरेस पडायचं नाही. मागचा जिना कुजला म्हणून बंद केलेला. उरला तो मोठा जिना, आणि तो उतरतो थेट दिवाणखान्यात.

गेल्या मे महिन्यात आनिसे गेला. शनिवारी तीनला दफन. त्याच दिवशी पॅरिसच्या कुणाचं तरी लग्न. बाईसाहेब दुपारीच काळा पोशाख घालून तयार होत्या, पण वऱ्हाड वेळेआधीच येऊन धडकलं.

"मावशी, थोडं थांब," तांक्रेद वर येऊन म्हणाला. "ते बागेत गेले की निघ."

"माझ्या घरातून मी निघायचं, तेही लपून?"

"एकच दिवस गं. काळे कपडे बघून अपशकुन म्हणतील."

बागेत कुणी गेलंच नाही. मी इस्त्री केलेल्या चादरी घेऊन वर होते. तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली, मयताची, सावकाश. बाईसाहेब उठल्या, जाळीची टोपी घातली आणि जिना उतरू लागल्या. मी मागे.

खाली सगळ्यांच्या माना जिन्याकडे वळल्या. मग कुणीतरी टाळी वाजवली, आणि सगळं दालन टाळ्यांनी दणाणलं. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमातलाच भाग!

"किती गोड! जुन्या काळची सरदारीण!" नवरी धावत आली आणि तिने त्यांचा हात धरला. "आमच्याबरोबर एक फोटो, आजी?"

माझ्या जिवाचा नुसता संताप झाला. ढकला तिला, असं ओरडावंसं वाटलं. पण घरी आलेल्या पाहुण्याकडे पाठ फिरवायची नाही, हे बाईसाहेबांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्या उभ्या राहिल्या. एक फोटो, मग नवऱ्याच्या आईबरोबर, मग पोरांबरोबर. तांक्रेद कॅमेऱ्यामागून खुणावत होता, हस. त्या हसल्या. बाहेर घंटा थांबली.

आम्ही दफनभूमीत पोचलो तेव्हा आनिसेची मुलं फावडी पुसत होती.

आता तांक्रेदच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, दुपारी तीन वाजता शातोच्या बाईसाहेब पाहुण्यांना भेटायला खाली येतात. दर शनिवारी, त्याच काळ्या पोशाखात. लोकांना आवडतं. छपराचा खर्च निघतो, असं बाईसाहेबच म्हणतात.

परवा मी त्यांच्या बाहीची बटणं लावत होते. खाली वऱ्हाड जमलेलं.

"मोरिसेट," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी तशीच चालत गेले असते, तर मला कुणी अडवलं असतं का गं?"

"कुणीच नाही, बाईसाहेब."

त्यांनी मान हलवली आणि दुसरा हात पुढे केला. मी त्याचीही बटणं लावली.