जिभेनं दिलेला खिळा

सोफे मढवणाऱ्या त्या माणसाला कारखान्यात सगळे खिळेतोंड्या म्हणायचे, आणि ते नाव त्याला बापानं ठेवल्यासारखं आवडायचं. एक हात कापड ताणून धरण्यात गुंतलेला, दुसऱ्यात लोहचुंबकाची हातोडी. मग खिळा द्यायचा कुणी? जिभेनं. चिमूटभर बारीक खिळे तो तोंडात टाकायचा. जीभ आतल्या आत एकेकाला वळवून ओठांवर आणून ठेवायची, हातोडी टिपून घ्यायची, की ठक्! बायको म्हणायची, "दिवसभर तोंड बंद, म्हणून तर संसार नीट चाललाय आमचा."

मग अक्कलदाढ आडवी आली. गाल भोपळ्यासारखा सुजला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दाढ फोडून काढली. दाढ गेली ती गेली, जाताना अर्धी जीभ बधिर करून गेली.

"नसेला धक्का बसलाय," बाई म्हणाल्या. "येईल हळूहळू."

"कधी?"

"बऱ्याच जणांची येते. काहींची..." बाई हात धुवायला उठल्या.

महिने गेले. चहा त्या बाजूला गरम ना गार, नुसता ओला. जीभ चावली की रक्त दिसल्यावर कळायचं. कामावर मात्र त्यानं कुणाला थांगपत्ता लागू दिला नाही. मालकानं पिना मारायच्या बंदुका कधीच आणल्या होत्या. हाताचाच खिळा हवा म्हणणारी चार जुनी गिऱ्हाइकं होती, म्हणून याचं बाकडं शिल्लक होतं. तो चांगल्या बाजूनं खिळे चाळवत राहिला. पायाशी सडा पडायला लागला.

"काय रे खिळेतोंड्या, पेरणी काढलीस का?" शेजारच्या बाकड्यावरून आवाज आला. तो हसला. तोंडात खिळे असले की हसणंही अर्धंच जमतं, म्हणून बरं.

त्याच दिवशी संध्याकाळी धाकटी लेक दुधाचा पेला घेऊन आली. "बाबा, फुंकर घाला ना."

त्यानं घातली. टण्!

पेल्यात खिळा होता. घरी येऊन, हातपाय धुऊन, लेकीशी गप्पा मारून झाल्या, तरी तो त्याच्या जिभेखाली झोपून होता.

"बाबा, परत! परत करा!" पोरीला जादू वाटली.

बायकोनं पेला ओढून घेतला. "अहो, हा गिळला असतात तर?"

"आधी एखादा गिळला नसेन कशावरून?" तो म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून खिळे वाटीत. दर खिळ्याला हात वाटीकडे, की इकडे कापड सैल. नवशिक्यासारख्या चुण्या पडल्या. मालकानं त्यांवरून बोट फिरवलं. "महिनाअखेर बघू. नाहीतर गोदामात गठ्ठे उचल. उपाशी नाही ठेवणार तुला."

मालक वाईट नव्हता, म्हणून तर ते जास्त लागलं.

आता संध्याकाळी तो दारात आला, की चपला काढायच्या आधी बायको म्हणते, "आ करा." बोट घालून ती गाल, हिरडी, जिभेखाली सगळं चाचपते. खिळा नसतो. तरी बोट काढत नाही. बधिर बाजूला नख टेकवते.

"कळतंय?"

तो मान हलवतो. नाही.

परवा तिनं नख जरा रुतवलं. त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. तीच कळवळून बोट काढायला गेली, तर त्यानं तिचं मनगट घट्ट धरलं, आणि तिच्या बोटाआडून कसंबसं म्हणाला,

"अजून. जोरात दाब."