दोराला लावलेलं तेल

हे मी आजवर कुणाला, बायकोलाही सांगितलेलं नाही. परवा हातून खोबरेल तेलाची बाटली सांडली आणि परदेशात, वाखनिंगनला पीएचडी करताना मी फावल्या वेळात काम करायचो तो गोठा आठवला. तिथल्या म्हाताऱ्या मालकाकडे गुरं पकडायचा फासाचा दोर होता. तो जपायचं काम माझ्याकडे, म्हणजे रोजची नुसती कटकट! "उन्हात टाकू नकोस, गाठ मारू नकोस. एवढा शिकलास, साधं वेटोळं घालता येईना?" एकदा वैतागून मी तो चिखलाने भरलेला दोर गरम पाण्यात धुतला आणि आमच्याकडे नव्या दाव्याला चोळतात तसं तेल चोळून मऊ केला. फासाचा दोर ताठच लागतो, हे मला कुठे ठाऊक! दुसऱ्या दिवशी कालवड पाण्याच्या चरात पडली. म्हाताऱ्याने तीनदा दोर फेकला, तिन्ही वेळा फास हवेतच मिटला. शेवटी शेजाऱ्याने चरात उतरून तिला बाहेर काढलं. म्हातारा स्वतःच्या हाताकडे बघत म्हणाला, "संपलं. गेला माझा हात." पुन्हा त्याने दोराला हात लावला नाही, आणि दोर मऊ पडल्यानेच फास मिटला हे कळूनही मी त्याला तेलाचं सांगितलं नाही. तो अजून तिथेच राहतो. त्याचा हात गेला नव्हता, दोर मी बिघडवला होता, हे त्याला सांगायचं देणं मी अजून लागतो.