वेरावळच्या जीपचा नंबर

मी जीपखाली उताणा पडलो होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पेन्सिल, आणि जिथे नंबर असायला हवा तिथे काहीच नव्हतं. नुसतं काळंभोर, गुळगुळीत लोखंड.

मनात म्हटलं, सापडला! आरटीओत मोटार वाहन निरीक्षक होऊन मला चार वर्षं झाली होती. चोरीची गाडी आपण स्वतः पकडावी, ही माझी फार दिवसांची हौस होती.

ही गोष्ट दोन हजार दोन सालातली, रत्नागिरीतली. जीप मांडवीच्या इकबालची. तो गुजरातेत वेरावळला मच्छीमार बोटीवर इंजिन ड्रायव्हर होता. जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडून हाताची दोन बोटं गेली, तेव्हा तो बोट सोडून घरी परतला आणि तिकडे घेतलेली जीप बरोबर घेऊन आला. परराज्यातली गाडी कायमची इकडे आणली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचं ना-हरकत पत्र आणायचं. त्याला सगळे एनओसी म्हणतात. मग आम्ही गाडी त्या कागदाशी ताडून बघतो.

ताडायचा तो मुख्यतः चासी नंबर. चासी म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. त्यावर कंपनीने नंबर ठोकलेला असतो. वर कागद धरून पेन्सिल घासली की त्याचा ठसा उमटतो, तो ठसा फायलीला लागतो. इंजिन बदलता येतं, दारं बदलता येतात, सांगाडा सहसा कोणी बदलत नाही. म्हणून चोर आधी हाच नंबर घासून काढतात.

मी बाहेर आलो. पाठीला सगळी लाल माती. इकबाल समोरच उभा होता.

"नंबर कुठे घालवलास?"

"हाय ना साहेब तिकडेच. कुठं जातोय?"

"तू दाखव मग!"

तो खाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तेव्हा चेहरा उतरला होता. "साहेब, अब्बांनी पावसाआधी खालून काळं लावलं. त्याच्याखाली गेला वाटतं."

"चोर असंच सांगतात," मी म्हणालो. तोंडावर म्हणालो. आज लिहितानाही त्याची लाज वाटते.

तरातरा आमच्या डेप्युटी साहेबांकडे गेलो. साहेब शिस्तीचे, शब्द मोजून बोलणारे.

"इंजिन नंबर?"

"जुळतो साहेब. पण इंजिन काय, कुठलंही बसवता येतं."

"मग पोलिसांना पत्र करा. गाडी ठेवून घ्या."

पत्र मी उभ्या उभ्या टाइप केलं, इतका उत्साह! तोवर इकबाल दारात आला. लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कामगारांच्या ने-आणीसाठी त्याची जीप लागणार होती. सोमवारी नवा नंबर दाखवला तर काम त्याचं, नाहीतर दुसरी गाडी ठरलेली. आणि तो दिवस शुक्रवार होता.

"साहेब, हा हात घेऊन मना परत बोटीवर कोण घेतोय? गाडी पोलिसात गेली तर वरीसभर सुटायची नाय. अब्बांना फोन करतो. पाच वाजेपर्यंत थांबा, मग काय ते पत्र धाडा."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेतीन. "पाचपर्यंत," ते म्हणाले.

चारच्या सुमारास रिक्षातून इकबालचे अब्बा, कासमचाचा, उतरले. सत्तरीचे, काटक, लुंगी वर खोचलेली. आयुष्यभर होड्या बांधलेला माणूस. हातात रॉकेलची बाटली आणि नारळाची दोन-तीन सोडणं, म्हणजे वरची केसाळ सालं.

"काय लावलंत खाली?" मी विचारलं.

"डांबर नि काजीच्या टरफलाचं तेल. होडीला लावतो तेच. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड किती टिकंल? तीन हात दिले."

तीन हात! मी खिशातून पातं काढलं आणि खाली वाकलो. चाचांनी माझं मनगट धरलं.

"खरवडू नको, बाबा. ओरखडा उठला तर तूच म्हणशील, नंबर खोडला."

अगदी बरोबर. हे मला सुचायला हवं होतं.

एक सोडण रॉकेलात बुडवून ते हलक्या हाताने पुसत राहिले. मीही शेजारी आडवा होऊन टॉर्च धरला, मग न राहवून दुसरं सोडण घेतलं. पहिला थर गेला. दुसरा गेला. वीस मिनिटं झाली तरी काळंच. आणि मग एक उभी रेघ चमकली.

"एक!" मी ओरडलो.

बाहेरून आवाज आला, "पुढे?" बघतो तर डेप्युटी साहेब एनओसी हातात घेऊन उकिडवे बसलेले!

मी एकेक आकडा ओरडत होतो, साहेब "बरोबर!" म्हणत होते. ज्याला चोर म्हटलं, त्याचाच नंबर निघावा म्हणून मी जीव टाकत होतो. शेवटचा आकडा आला.

"तीन!"

साहेब हळूच म्हणाले, "इथे आठ आहे."

इकबाल मटकन खाली बसला. चाचा मात्र शांत. त्यांनी खिशातून माडाच्या झावळीच्या हिराची काडी काढली, टोक चावून मऊ केलं आणि त्या तीनच्या डाव्या बाजूला फिरवलं. खाचेत बसलेलं डांबर सुतासारखं निघून आलं. मी कागद धरला, पेन्सिल घासली. आठ! स्वच्छ, दोन पोटांचा इंग्रजी आठ!

पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेबांनी सही केली. इकबालला रत्नागिरीचा एमएच-०८ नंबर मिळाला आणि सोमवारी जीप लोट्याला गेली. मी त्याची माफी मागितली, चाचांचीही. चाचा नंबराकडे बघत होते. "लोखंड उघडं पडलं की हो," ते म्हणाले. "आता परत एक हात देऊ काय?"

"नको!" आम्ही तिघंही एकदम ओरडलो.

काजूच्या टरफलाच्या तेलाने माझ्या उजव्या हाताच्या बोटांना फोड आले, कातडी सोलून निघाली. आठवडाभर पेन धरता आलं नाही. पोलिसांना लिहिलेलं पत्र मी दुसऱ्या हाताने फाडलं.

त्यानंतर पुष्कळ गाड्यांचे नंबर मला पहिल्या नजरेत दिसले नाहीत. त्यांतल्या दोन खरोखरच चोरीच्या निघाल्या. पण पत्र टाइप करण्याआधी मी प्रत्येक मालकाला विचारत असे, घरात होड्या कोण बांधतं?